बोलायची थांबली, बोलायला थांबली

‘शी स्टॉप्ड टॉकिंग’ आणि ‘शी स्टॉप्ड टू टॉक’. पहिल्या वाक्यातली बाई गप्प झाली. दुसऱ्या वाक्यातली बाई चालता चालता उभी राहिली आणि बोलू लागली. कर्ता तोच, क्रियापदं तीच, काळही तोच. तरी एका वाक्यात संभाषण संपतं आणि दुसऱ्यात सुरू होतं.

इंग्रजी शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे ही जोडी असते. मीही ती वर्षानुवर्षं वापरत आले आहे. मला खटकतं ते त्यानंतरचं. जोडी लिहून झाली की फळ्यावर दोन याद्या उतरतात. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, प्रॅक्टिस, सजेस्ट यांच्यापुढे ‘आयएनजी’, म्हणजे जिरंड. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, अ‍ॅग्री यांच्यापुढे ‘टू’, म्हणजे इन्फिनिटिव्ह. पाठ करा. मुलं पाठ करतात, परीक्षेत गाळलेल्या जागा बरोबर भरतात आणि बोलायची वेळ आली की ‘आय एन्जॉय टू रीड’ म्हणतात. यादी डोक्यात राहते, जिभेपर्यंत पोचत नाही. या याद्यांच्या तळाशी अर्थाची एक व्यवस्था आहे आणि तिचा बराच मोठा भाग आपण घरूनच घेऊन आलो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

‘ती बोलायची थांबली.’ ‘ती बोलायला थांबली.’ या दोन वाक्यांतला फरक मराठी माणसाला कधी शिकवावा लागला आहे का? ‘ची’ आणि ‘ला’ एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो आणि चार वर्षांचं मूलसुद्धा त्यात गोंधळत नाही. इंग्रजी शिकणारा मराठी माणूस या प्रश्नाकडे कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या कानाला क्रियेकडे पाहण्याच्या दोन रीती आधीच ठाऊक असतात. एका रीतीत क्रिया पुढे असते, तिच्याकडे जायचं असतं. दुसरीत ती हाताशी असते. ती घडते आहे, घडून गेली आहे किंवा निदान एखाद्या वस्तूसारखी समोर ठेवून तिच्याबद्दल बोलता येतं आहे.

विसरण्या-आठवण्याच्या क्रियापदांत हे सर्वांत स्वच्छ दिसतं. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायची आठवण ठेव. लावणं अजून व्हायचं आहे. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतं. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे लावायला विसरले, दार उघडंच राहिलं. आणि ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी’ म्हणजे समुद्र पाहिल्याचं मी कधीच विसरणार नाही. मराठी इथे इंग्रजीपेक्षा एक पाऊल पुढे आहे असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीच्या ‘लॉकिंग’मध्ये काळाची खूण नाही, ती आधीच्या ‘रिमेंबर’वरून समजून घ्यावी लागते. मराठीत ‘लावल्याचं’ म्हटलं की क्रिया झाली, ‘लावायचं’ म्हटलं की राहिली. ज्याला हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात त्याला ‘रिमेंबर’चा नियम पाठ करायची गरजच नाही. ‘रिग्रेट’चंही तेच. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे पत्राच्या सुरुवातीला येतं, कारण कळवायचं अजून बाकी असतं. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’मध्ये त्याला सांगून झालेलं आहे आणि आता पस्तावा उरला आहे.

‘टू’मध्ये ही पुढे पाहण्याची वृत्ती आली कुठून? हा इतिहास मला फार आवडतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘अन’ असा शेवट असे. त्याशिवाय त्याचं आणखी एक रूप होतं, ‘टो’ या शब्दानंतर येणारं. ‘टो’चा अर्थ ‘कडे’, आणि त्याच्यानंतर क्रियापद एखाद्या नामासारखं चतुर्थीत जाई. ‘टो ड्रिंकेने’ म्हणजे पिण्याकडे, पिण्यासाठी, प्यायला. पुढच्या शतकांत शब्दांचे शेवट झिजत गेले, चतुर्थीची खूण पुसली गेली आणि ‘टू’ एकटाच मागे राहिला. आज त्याला आपण नुसतं इन्फिनिटिव्हचं चिन्ह म्हणतो. पण जन्माने तो दिशा दाखवणारा शब्द आहे. ‘आय वेंट टू द रिव्हर’मधला ‘टू’ आणि ‘आय वेंट टू स्विम’मधला ‘टू’ एकाच घरातले आहेत.

आता मराठीकडे पाहा. ‘नदीला गेले’, ‘पोहायला गेले’. ‘पोहायला’ हे ‘पोहावयाला’चं आटलेलं रूप, आणि त्याच्या शेवटी असलेला ‘ला’ हा शाळेत ‘स, ला, ते’ म्हणून घोकलेला चतुर्थीचा प्रत्यय. म्हणूनच जुन्या गद्यात ‘करावयास’ही दिसतं, तिथे ‘ला’ऐवजी ‘स’ आहे. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांनी हेतू सांगायला एकच युक्ती वापरली: क्रियेचं नाम करा आणि त्याला चतुर्थीत बसवा. संस्कृतात पाणिनीने हे सूत्रातच बांधून ठेवलं आहे. एका क्रियेसाठी दुसरी क्रिया करायची असेल तर ‘तुमुन्’ प्रत्यय लावा, असं तो 3.3.10 मध्ये सांगतो. त्यावरून ‘गन्तुम्’, ‘कर्तुम्’, ‘पक्तुम्’. आणि 2.3.15 मध्ये म्हणतो की तुमुन्‌चा अर्थ सांगणारं भाववाचक नाम असेल तर त्याला चतुर्थी लागते. ‘पक्तुं व्रजति’ म्हणा किंवा ‘पाकाय व्रजति’ म्हणा, माणूस स्वयंपाक करायलाच चालला आहे. इन्फिनिटिव्हच्या गाभ्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठेच सापडलेलं नाही. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, ऑफर, एक्स्पेक्ट ही सगळी क्रियापदं पुढच्या क्रियेकडे तोंड करून उभी आहेत. त्यांच्यामागे ‘टू’ येतो तो याच जुन्या ओढीने.

‘आयएनजी’चा उगम वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ लावून नाम बनवत. आजचा ‘लर्निंग’ तिथूनच आला. ती निव्वळ नामं होती, आपल्या ‘वाचन’, ‘लेखन’, ‘गायन’सारखी. चालू क्रिया दाखवणारा ‘एंडे’ हा शेवट त्यांच्यापासून निराळा होता. मधल्या काळात दोन्ही शेवट एकाच उच्चारावर येऊन मिळाले. त्यामुळे आज ‘सिंगिंग’ हा एकच शब्द ‘गाणं’, ‘गात’ आणि ‘गाणारा’ या तिन्ही कामांना जुंपलेला आहे. शिवाय त्या नामांनी हळूहळू क्रियापदाचे गुण उचलले. ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ आणि ‘रीडिंग बुक्स’ हे दोन्ही आज बरोबर आहे. पहिलं आपलं ‘पुस्तकांचं वाचन’, दुसरं ‘पुस्तकं वाचणं’. पहिल्याला विशेषण लागतं, ‘अ केअरफुल रीडिंग’. दुसऱ्याला क्रियाविशेषण, ‘रीडिंग केअरफुली’. मराठीत ‘वाचन’ आणि ‘वाचणं’ असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे आपल्याला हा भेद सहज दिसतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो एकाच शब्दात शोधावा लागतो.

म्हणजे मुळापासून पाहिलं तर जिरंड हे क्रियेचं नाम आहे आणि इन्फिनिटिव्ह ही क्रियेकडे जाणारी वाट. 1968 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी साधारण याच दिशेने मांडणी केली. जिरंडने क्रियेला वस्तूचं ठोसपण येतं, इन्फिनिटिव्हने ती शक्यतेच्या पातळीवर राहते. दोन वर्षांनी पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी ‘वस्तुस्थिती’ या कल्पनेवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. ‘रिग्रेट’ किंवा ‘रिझेंट’सारखी क्रियापदं पुढची गोष्ट खरी आहे असं गृहीत धरूनच बोलतात, आणि अशा क्रियापदांशी जिरंडचं चांगलं जमतं, हे त्यांनी दाखवलं. मला हे वाचून फार बळ आलं. ज्याला आपण अपवादांचा ढीग समजत होतो त्याला आतून आकार आहे, ही जाणीव शिकवणाऱ्याला उभारी देते.

तरी प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा आकार सगळीकडे पुरत नाही. ‘पोस्टपोन’ आणि ‘कन्सिडर’ दोघंही भविष्याबद्दल बोलतात, पण दोघांनाही ‘आयएनजी’च लागतं. ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’मध्ये ते उघडलेलं असतं, तरीही ‘टू’. काही जण यावर ओढूनताणून स्पष्टीकरण देतात. पुढे ढकलताना किंवा विचार करताना आपण ती क्रिया एखाद्या प्रस्तावासारखी समोर ठेवतो, म्हणून नाम. जमवताना आपण प्रयत्न करत तिच्यापर्यंत पोचतो, म्हणून वाट. मला ही स्पष्टीकरणं पटतात, पण ती मागाहून सुचलेली आहेत हेही दिसतं. माहीत नसलेल्या क्रियापदाला काय लागेल हे त्यांवरून आधीच सांगता येत नाही. भाषा शेकडो वर्षं वापरून वापरून घडते. तिच्यात काही सवयी नुसत्या सवयी म्हणूनच राहतात आणि त्या कानानेच शिकाव्या लागतात. अर्थ जिथवर साथ देतो तिथवर त्याचा हात धरावा. पुढे भरपूर वाचावं, ऐकावं.

एक नियम मात्र असा आहे की तो सहसा दगा देत नाही, आणि गंमत म्हणजे तो मराठीत जसाच्या तसा आहे. इंग्रजीत प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की ते जवळजवळ नेहमी ‘आयएनजी’ रूपात येतं. ‘बिफोर लीव्हिंग’, ‘विदाउट आस्किंग’, ‘इन्स्टेड ऑफ वेटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. मराठीत शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं सामान्यरूप होतं, आणि क्रियापदाला ते लावायचं तर आधी त्याचं नाम करावं लागतं. निघण्यापूर्वी, विचारल्याशिवाय, थांबण्याऐवजी, शिकण्यात. ‘थांबायऐवजी’ असं तोंडातून निघणारच नाही. तितक्याच ठामपणे ‘इन्स्टेड ऑफ टू वेट’ हे इंग्रजी कानाला खपणार नाही. मी वर्गात हेच सांगते: मराठीत ‘ण्या’ किंवा ‘ल्या’ आणि त्याच्यामागे अव्यय ऐकू आलं की इंग्रजीत ‘आयएनजी’ लिहायला हात उचला. ‘उशिरा आल्याबद्दल क्षमस्व’, ‘सॉरी फॉर कमिंग लेट’. ‘उत्तर शोधण्यात यशस्वी झालो’, ‘वी सक्सीडेड इन फाइंडिंग द आन्सर’.

कधी इंग्रजीने ते प्रिपोझिशन गाळलेलं असतं आणि मराठीत मात्र त्याचं काम करणारा प्रत्यय अजून जागेवर असतो. ‘शी स्पेंट द इव्हिनिंग रीडिंग.’ इथे प्रिपोझिशन नाही, मग ‘रीडिंग’ का? मराठीत म्हणून पाहा: तिने संध्याकाळ वाचण्यात घालवली. तो ‘त’ इंग्रजीतही होता. ‘इन रीडिंग’ असं जुन्या लेखनात सर्रास दिसतं आणि ‘डिफिकल्टी इन फाइंडिंग’मध्ये तो आजही चालतो. ‘बिझी रायटिंग’, लिहिण्यात गुंतलेली. ‘वर्थ रीडिंग’, वाचण्याजोगं.

याच नियमाच्या आड सर्वांत प्रसिद्ध चकवा दडलेला आहे. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य मी असंख्य पत्रांत वाचलं आहे. लिहिणाऱ्याचं तर्कशास्त्र अगदी सरळ असतं: ‘टू’ आला, म्हणजे इन्फिनिटिव्ह. पण हा ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही, त्याच्या पूर्वजासारखाच अस्सल प्रिपोझिशन आहे. ओळखायची एक खात्रीची रीत आहे. क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू संडे’ चालतं, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू संडे’ चालत नाही, म्हणून ‘आय वॉन्ट टू मीट’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘डिव्होटेड टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’, ‘व्हेन इट कम्स टू’ या सगळ्यांना हीच कसोटी लावता येते. ‘यूज्ड टू’ची दोन रूपंही मग सुटी होतात. ‘आय यूज्ड टू लिव्ह अलोन’ म्हणजे मी एकटी राहायचे, आता राहत नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे मला एकटं राहण्याची सवय आहे. दुसऱ्या वाक्यात ‘राहण्याची’ म्हटलं की ‘ण्या’ स्वतःच येऊन उभा राहतो.

मराठी कान जिथे फसवतो त्या जागाही तितक्याच ठळकपणे सांगायला हव्यात, नाहीतर हे सगळं मातृभाषेचं नुसतं कौतुक होईल.

पहिली जागा ‘आवडणं’. ‘मला पोहायला आवडतं’ आणि ‘मला पोहणं आवडतं’ दोन्ही मराठीत आहे, आणि बोलण्यात पहिलंच जास्त. इंग्रजीत ‘लाइक’ दोन्ही घेतं, तिथवर ठीक. पण तोच ‘ला’ घेऊन आपण ‘एन्जॉय’कडे जातो आणि ‘एन्जॉय टू स्विम’ करून बसतो. यावर माझा उपाय असा की ‘एन्जॉय’चं मराठी ‘आवडणं’ करायचंच नाही. ‘पोहण्याचा आनंद घेते’ असं करायचं. मग ‘ला’ला जागाच उरत नाही. आणि ‘वुड लाइक’ आलं की मात्र निखळ ‘टू’, कारण ती इच्छा आहे आणि इच्छा पुढेच पाहते.

दुसरी जागा इच्छेचीच. ‘मला जायचं आहे’ आणि ‘आय वॉन्ट टू गो’ छान जुळतं. ‘तू जावंस असं मला वाटतं’ म्हणायला गेलं की मराठी माणूस ‘आय वॉन्ट दॅट यू गो’ म्हणतो. याचं मूळही पाणिनीकडे सापडतं. इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदांबरोबर तुमुन् कधी येतो? दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तेव्हा: ‘समानकर्तृकेषु तुमुन्’, 3.3.158. जाणारा आणि इच्छिणारा एकच हवा. मराठी ही शिस्त आजही पाळते. कर्ते वेगळे झाले की आपण ‘जावं असं’ म्हणून वेगळं वाक्यच करतो. इंग्रजीने ही अट सोडून दिली. ‘आय वॉन्ट यू टू गो’मध्ये इच्छा माझी आणि जाणं तुझं, आणि दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदतात. मराठी भाषकाला हे वाक्य सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं, यात त्याची बुद्धी कमी पडत नाही. एक अतिशय जुनी सवय आड येत असते. शिकणाऱ्याला हे एवढं समजलं तरी त्याचा संकोच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

यातूनच आणखी एक उपयोगी धागा निघतो, आणि तो पुस्तकांत पुरेसा स्पष्ट नसतो याचं मला नवल वाटतं. ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘अलाऊ’, ‘पर्मिट’, ‘फॉर्बिड’, ‘एन्करेज’ ही क्रियापदं दोन्ही रूपं घेतात, पण मनमानी करत नाहीत. माणूस वाक्यात असेल तर ‘टू’, नसेल तर ‘आयएनजी’. ‘दे डोन्ट अलाऊ टॉकिंग हिअर’. ‘दे डोन्ट अलाऊ अस टू टॉक हिअर’. पहिल्यात बंदी बोलण्यावर आहे, दुसऱ्यात आपल्यावर. कोणी चालायचं हे नाव घेऊन सांगितलं की ‘टू’ची वाट घ्यावी लागते. नुसत्या क्रियेबद्दल बोलायचं तर नाम पुरतं. ‘सजेस्ट’ मात्र माणसाला कधीच ‘टू’ देत नाही, ‘सजेस्टेड मी टू गो’ चुकीचंच.

तिसरी जागा ‘लावणं’. मराठीत ‘मला जाऊ दे’, ‘ती बोलू शकते’ यांत नुसता ‘ऊ’ आहे, ‘ला’ नाही. इंग्रजीतही ‘लेट मी गो’, ‘शी कॅन स्पीक’ यांत ‘टू’ नाही. इतकं सुंदर जुळल्यावर पुढचं पाऊल चुकतं. ‘त्याने मला थांबायला लावलं’ यात ‘ला’ आहे, म्हणून ‘ही मेड मी टू वेट’. इंग्रजीत ‘मेक’नंतर नुसतं क्रियापद: ‘ही मेड मी वेट’. आणि कर्मणी प्रयोग केला की हरवलेला ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. का परत येतो याचं झटपट उत्तर माझ्याकडे नाही. तो येतो, आणि तो विसरला तर वाक्य लंगडं वाटतं.

फसवणुकीबद्दल एवढं पुरे. जिथे मराठी सर्वांत नाजूक फरक सहज दाखवते अशा दोन जोड्या राहिल्या आहेत.

‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ आणि ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’. बरेच शिकणारे या दोन्ही वाक्यांचा अर्थ ‘खिडकी उघडायचा प्रयत्न केला’ असाच करतात. पहिल्याचा तोच आहे: खिडकी घट्ट बसली होती, जोर लावला, कदाचित उघडलीच नाही. दुसऱ्यात खिडकी उघडली. खोलीत गुदमरत होतं, वारा येतो का ते बघायला खिडकी उघडून पाहिली. आपलं ‘उघडून पाहिली’ हे ‘ट्राइड ओपनिंग’चं इतकं नेमकं रूप आहे की त्यापुढे व्याकरणाचं स्पष्टीकरण फिकं पडतं. ‘करून पाहा’, ‘विचारून पाहा’, ‘चाखून पाहा’ असं जिथे जिथे म्हणता येईल तिथे ‘ट्राय’नंतर ‘आयएनजी’ ठेवा. एका प्रौढ विद्यार्थिनीला हे सांगितलं तेव्हा तिने वहीतलं जुनं स्पष्टीकरण खोडलं आणि नुसतं ‘ऊन पाहा’ असं लिहून ठेवलं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

दुसरी जोडी भीतीची. ‘आय अ‍ॅम अफ्रेड टू जंप’, मी उडी मारायला घाबरते. ‘आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ फॉलिंग’, मला पडण्याची भीती वाटते. उडी मारणं माझ्या हातात आहे, भीतीमुळे मी ती मारत नाही. पडणं माझ्या हातात नाही, ते माझ्यावर ओढवेल. मुद्दाम करायच्या गोष्टीकडे वाट जाते, म्हणून ‘टू’. ओढवणाऱ्या गोष्टीकडे कोणी जात नाही, तिची फक्त कल्पना करता येते, म्हणून नाम. ‘पडायला घाबरते’ असं आपण सहसा म्हणत नाही, आणि ते का म्हणत नाही याचा विचार करायलाही कधी थांबत नाही.

कर्त्याच्या रूपाचा एक जुना वाद उरतो, आणि मला तो अतिशय प्रिय आहे. ‘आय डिडन्ट लाइक हिज लीव्हिंग अर्ली’ की ‘आय डिडन्ट लाइक हिम लीव्हिंग अर्ली’? इंग्रज कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांना दुसरं रूप मुळीच मान्य नव्हतं. त्यात ‘हिम’ आणि ‘लीव्हिंग’ यांचं व्याकरणदृष्ट्या काय नातं आहे हेच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी 1920च्या दशकात त्यांना उत्तर दिलं. हे रूप चांगल्या चांगल्या लेखकांनी वापरलं आहे, याचे दाखले त्यांनी पुढे ठेवले. आवडीनिवडीवर नियम बांधू नयेत, भाषा काय करते ते आधी पाहावं, ही त्यांची भूमिका. आजची बहुतेक व्याकरणं येस्पर्सन यांच्या बाजूची आहेत, औपचारिक लेखनात मात्र ‘हिज’ला अजून मान आहे.

मी या वादाकडे मराठीतून पाहते तेव्हा दोघांचंही म्हणणं मला समजतं. ‘त्याचं लवकर जाणं मला आवडलं नाही.’ ‘त्याने लवकर जाणं मला आवडलं नाही.’ पहिल्यात षष्ठी आहे, ‘जाणं’ हे त्याच्या मालकीचं नाम झालं आहे. दुसऱ्यात तृतीया आहे, तो अजून कर्ता आहे आणि ‘जाणं’ अजून अर्धं क्रियापद आहे. मराठीने दोघांनाही जागा दिली आणि कोणी कोणाला अशुद्ध ठरवलं नाही. पहिल्या वाक्यात त्याच्या जाण्याची रीत खुपली असावी असं मला वाटतं. दुसऱ्यात तो गेला हेच खुपलं. इंग्रजीत हा फरक इतका स्पष्ट नाही. तरी लिहिताना मी ‘हिज’ निवडते, कारण वाक्याच्या सुरुवातीला, ‘हिज लीव्हिंग अर्ली सरप्राइज्ड अस’ अशा जागी, ते डळमळत नाही. बोलताना माझ्या तोंडून ‘हिम’ येतं, आणि विद्यार्थ्यांच्या वहीत ते दिसलं तर त्याखाली मी लाल रेघ ओढत नाही.